एल्मिनाचा किल्ला : निशाणें तिघांचीं, जमीन कोणाची ?

इतिहासाच्या पुस्तकांत तहांचीं कलमें पाठ करतांना आपल्यापैकीं बहुतेकांना कंटाळा येतो. अमुक सालीं अमुक किल्ला एका राष्ट्राकडून दुसऱ्या राष्ट्राकडे गेला, एवढें वाक्य वाचून आपण पुढें जातों. परंतु किल्ला गेला म्हणजे नेमकें काय झालें ? भिंती तर जागच्या हालत नाहींत. तटावरील निशाण तेवढें बदलतें. मग त्या भिंतींच्या पायथ्याशीं पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या लोकांचें काय होतें ? आणि ज्या जमिनीवर तो किल्ला उभा आहे ती जमीन कोणाची ठरते ? हे प्रश्न मनांत धरून आम्ही या लेखांत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एल्मिना नांवाच्या एका लहानशा ठाण्याची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. पोर्तुगीज, डच व इंग्रज या तीन राष्ट्रांचीं निशाणें त्यावर एकामागून एक फडकलीं. पहिलें निशाण उतरलें तें तोफेच्या बळानें. दुसरें उतरलें तें केवळ कागदावरील सह्यांनीं. या दोहोंपैकीं गांवकऱ्यांस अधिक महाग कोणतें पडलें, तें वाचकांनीं शेवटीं ठरवावें.

स्थळ आणि नांव

आफ्रिकेचा नकाशा समोर घेतला म्हणजे पश्चिमेकडील मोठ्या फुगवट्याच्या खालच्या अंगास गिनीचें आखात दिसतें. या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, विषुववृत्तापासून सुमारें पांच अंश उत्तरेस व ग्रिनिचच्या रेखावृत्ताच्या किंचित् पश्चिमेस, एल्मिना आहे. हा प्रदेश सांप्रत घाना या स्वतंत्र राष्ट्रांत मोडतो. पूर्वीं युरोपियन लोक त्यास सुवर्ण-किनारा म्हणत. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस बेन्या नांवाची खाडी व मध्यें खडकाळ जमिनीची चिंचोळी पट्टी. तिच्या टोंकावर किल्ला, किल्ल्यालगत जुनें गांव आणि खाडीपलीकडे एक टेकडी, अशी या स्थळाची रचना होती. ती टेकडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. ज्यांनीं आपल्याकडील वसईचा किंवा रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट पाहिला असेल त्यांना समुद्र व खाडी यांच्या बेचक्यांत बांधलेल्या अशा ठाण्याची कल्पना सहज करतां येईल.

'मीना' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ खाण. परंतु एल्मिना येथें खाण अशी कधींच नव्हती. सोनें सांपडे तें आंतल्या दाट अरण्यांत. तेथील अकान लोक ओढ्यांची वाळू धुऊन आणि जमिनींत खड्डे खणून सोन्याचा कण गोळा करीत व व्यापारी तो किनाऱ्यापर्यंत आणीत. पोर्तुगीजांस सोनें दिसलें तें या किनाऱ्यावर, म्हणून त्यांनीं किनाऱ्यालाच खाण म्हटलें. तेथील लोक मात्र आपल्या गांवास एदिना म्हणत आणि आजही म्हणतात. एका गांवाला दोन नांवें, एक राहणाऱ्यांचें व एक पाहुण्यांचें ! नकाशावर चढलें तें पाहुण्यांचें.

पहिलें निशाण : पोर्तुगीज

पोर्तुगीज खलाशी या किनाऱ्यावर प्रथम इ. स. १४७१ मध्यें पोहोंचले. सोन्याची वार्ता पसरतांच स्पेनमधील कॅस्टिलच्या राज्यानेंही आपलीं जहाजें तिकडे धाडिलीं आणि दोघांत समुद्रावर लढाई जुंपली. इ. स. १४७९ मध्यें अल्कासोव्हास येथें तह होऊन गिनीचा व्यापार एकट्या पोर्तुगालचा, असें कॅस्टिलनें मान्य केलें. युरोपांतील दोन राज्यांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्याचा निकाल आपसांत लावला. ज्यांचा किनारा ते या बैठकींत नव्हते. ही पद्धत तेव्हां पडली आणि पुढें चारशें वर्षें मोडली नाहीं.

परंतु कागदावरील हक्क राखावयास प्रत्यक्ष ठाणें हवें. म्हणून राजा दुसरा जॉन यानें दियोगो द आझाम्बुजा या सरदारास सुमारें पांचशें शिपाई व शंभर गवंडी-सुतार बरोबर देऊन रवाना केलें. किल्ल्याचे कांहीं चिरे पोर्तुगालमध्येंच घडवून जहाजांत भरले होते. या ताफ्यांतील एका जहाजाचा नायक बार्थोलोम्यू डियाझ होता. त्यानेंच पुढें इ. स. १४८८ मध्यें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घातला, आणि त्याच वाटेनें दहा वर्षांनीं वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला. म्हणजे हिंदुस्थानकडे येणारी जलवाट एल्मिनाच्या दारावरूनच गेलेली आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जानेवारी १४८२ मध्यें आझाम्बुजा किनाऱ्यावर उतरला आणि तेथील प्रमुखाची त्यानें थाटानें भेट घेतली. पोर्तुगीज बखरकार या प्रमुखास कारामान्सा म्हणतात. त्याचें खरें नांव क्वामिना अन्साह असावें असें मानितात. किल्ला बांधण्याची परवानगी मागितली तेव्हां त्यानें दिलेलें उत्तर विचार करण्याजोगें आहे. त्याचा मथितार्थ असा : आजवर तुमचीं जहाजें येत, माल देऊन घेऊन निघून जात, आणि आपली मैत्री टिकून राही. जे मित्र अधूनमधून भेटतात त्यांचा लोभ वाढतो. जे शेजारीं येऊन बसतात त्यांच्यांत, समुद्र व खडक यांच्याप्रमाणें, नित्य आदळआपट होते. म्हणून तुम्हीं पूर्वींप्रमाणेंच यावें आणि जावें, हें बरें. हें उत्तर पोर्तुगीजांच्याच लेखणींतून आपल्यापर्यंत आलेलें आहे, हें विशेष. ज्यांनीं तें मानिलें नाहीं त्यांनाही तें विसरतां आलें नाहीं.

अखेर आर्जवें, नजराणे व सोबतच्या फौजेचें दर्शन यांमुळें परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशीं गवंडी ज्या खडकांतून दगड काढूं लागले तो खडक गांवकऱ्यांच्या देवाचा होता. लोक धांवून आले, मारामारी झाली, कांहीं कारागीर जखमी झाले. तेव्हां आझाम्बुजानें आणखी नजराणे देऊन तंटा मिटविला व काम पुढें रेटलें. अशा रीतीनें साव्ह जॉर्ज द मीना, म्हणजे मीनेचा संत जॉर्ज, हा किल्ला उभा राहिला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस युरोपियनांनीं बांधलेल्या व अद्याप उभ्या असलेल्या इमारतींत हीच सर्वांत जुनी गणली जाते.

किल्ल्यांतून कापड, पितळेचीं भांडीं व कडीं बाहेर जात आणि सोनें आंत येई. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. आरंभींच्या काळांत पोर्तुगीज या ठाण्यावर गुलाम विकत घेत नसून विकीत असत ! बेनिनकडून आणलेले गुलाम ते अकान व्यापाऱ्यांस देत, कारण अरण्यांतून मालाचीं ओझीं वाहण्यास माणसें लागत. सोन्याच्या लोभानें माणसाची किंमत सोन्यांत करण्याची संवय दोन्ही बाजूंस लागली. पुढें या संवयीनें सोन्यालाच मागें टाकलें.

दुसरें निशाण : डच

इ. स. १५८० मध्यें पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजाकडे गेलें. त्या वेळीं डच लोक त्याच राजाविरुद्ध स्वातंत्र्यासाठीं लढत होते. पोर्तुगालचा शत्रु नसलेले डच असे एका रात्रींत त्याचे शत्रु झाले, आणि पोर्तुगालचीं दूरदूरचीं ठाणीं त्यांच्या तोफांस उघडीं पडलीं. हिंदी महासागरांत जें झालें तेंच गिनीच्या आखातांतही झालें. डचांनीं इ. स. १६१२ मध्यें एल्मिनाच्या पूर्वेस मूरी येथें नासाऊ नांवाचा किल्ला बांधिला. इ. स. १६२१ मध्यें त्यांची वेस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. इ. स. १६२५ मध्यें त्यांनीं एल्मिनावर मोठी चाल केली. परंतु पोर्तुगीजांच्या बाजूनें लढणाऱ्या स्थानिक योद्ध्यांनीं त्यांच्या बेसावध फौजेवर झडप घालून शेंकडों लोक कापून काढले.

बारा वर्षांनीं डच पुनः आले, आणि या वेळीं ते आले समुद्रापलीकडील ब्राझीलमधून ! तेथील पेर्नाम्बुको प्रांत त्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला होता. तेथें उंसाचे मळे होते आणि मळ्यांस मजूर, म्हणजे गुलाम, हवे होते. तेव्हां तेथील डच गव्हर्नर योहान मॉरिट्स यानें नऊ जहाजांचा ताफा आफ्रिकेकडे पाठविला. साखर पिकते एका खंडांत, ती गोड लागते दुसऱ्या खंडांत आणि तिच्यापायीं लढाई होते तिसऱ्या खंडांत, असा हा प्रकार होता.

आतां ती टेकडी आठवा. पोर्तुगीजांनीं किल्ल्याचे तट समुद्राकडे बळकट केले होते. टेकडीवर मात्र नांव घेण्याजोगा बंदोबस्त नव्हता. एल्मिनाच्या लोकांनीं तिच्या पायथ्याशीं शौर्यानें झुंज दिली, पण डचांनीं ती घेतली, वर तोफा चढविल्या, आणि ता. २९ ऑगस्ट १६३७ रोजीं किल्ला शरण आला. मग डचांनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, त्या टेकडीवर आपला मोर्चा बांधला व पुढें तेथें स्वतंत्र किल्ला उभारला. ज्या दारानें आपण आंत शिरलों तें दार त्यांनीं आपल्यामागें लावून घेतलें.

यानंतर या किनाऱ्यावर जणूं किल्ल्यांची जत्राच भरली. स्वीडिश, डेन, ब्रँडेनबर्गचे जर्मन व इंग्रज, प्रत्येकानें आपापला कोट बांधला. एल्मिनापासून अवघ्या सात-आठ मैलांवर असलेलें केप कोस्ट हें ठाणें इ. स. १६५३ ते १६६४ या बारा वर्षांच्या आंत स्वीडिश, डेन, तेथील फेतूचे राज्य व डच यांच्या हातून फिरत फिरत शेवटीं इंग्रजांकडे गेलें. तेव्हांपासून दोनशें वर्षें डच एल्मिनाच्या तटावरून आणि इंग्रज केप कोस्टच्या तटावरून एकमेकांकडे दुर्बिणी लावून बसले. इ. स. १६६५ मध्यें त्यांच्यांत जें युद्ध पेटलें त्याचें एक कारण या किनाऱ्यावरील चकमकी हेंच होतें. तें इ. स. १६६७ च्या ब्रेडाच्या तहानें मिटलें. त्या तहानें न्यूयॉर्क इंग्रजांकडे व दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम डचांकडे राहिलें. सुरिनाम हें नांवही ध्यानांत असूं द्यावें.

वर देऊळ, खालीं अंधारकोठडी

अठराव्या शतकांत एल्मिनाच्या किल्ल्यांत सोन्यापेक्षां माणसांचा व्यापार मोठा झाला. आंतल्या मुलखांतील लढायांत पकडलेले स्त्री-पुरुष तळमजल्याच्या कोठड्यांत कोंडीत आणि जहाज आलें म्हणजे एका अरुंद फटीसारख्या दारांतून त्यांस होड्यांवर चढवीत. डच जहाजांनीं आफ्रिकेच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवरून मिळून पांच लाखांहून अधिक माणसें अशीं नेलीं. एल्मिना हें त्यांच्या आफ्रिकेंतील कारभाराचें मुख्य ठाणें होतें. त्याच किल्ल्यांत वरच्या मजल्यावर डचांचें प्रार्थनामंदिर होतें, आणि त्याच्या दारावर दाविदाच्या १३२ व्या स्तोत्रांतील वचन कोरलेलें होतें. परमेश्वरानें आपल्या वस्तीसाठीं सियोन निवडिलें, असें त्या स्तोत्रांत आहे. वर उपासना चाले तेव्हां खालीं काय चालत असे हें वर बसलेल्यांस ठाऊक नव्हतें, असें म्हणतां येत नाहीं. ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकांत ही गोष्ट लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु ती गाळणें हें त्याहून वाईट, असें आम्ही समजतों.

याच मंदिरांत याकोबुस कापिटेन हा उपदेशक होता. तो जन्मानें आफ्रिकन. लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेला, हॉलंडांत नेला गेला, आणि लायडनच्या विद्यापीठांत शिकला. इ. स. १७४२ मध्यें त्यानें तेथें लॅटिन भाषेंत प्रबंध वाचला. गुलामगिरी ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाहीं, असें त्यांत प्रतिपादन होतें! त्याच वर्षीं तो एल्मिनास आला. त्यानें मुलांसाठीं शाळा चालविली, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा यांचें तेथील फांती भाषेंत भाषांतर केलें, आणि इ. स. १७४७ मध्यें, सुमारें तिसाव्या वर्षीं, तेथेंच त्याचा अंत झाला. गोऱ्यांनीं त्यास आपला मानिलें नाहीं व गांवकऱ्यांसही तो परका वाटे. त्याच्या प्रबंधाचा निषेध करणें आज सोपें आहे. परंतु ज्यांनीं त्यास विकत घेतलें व शिकविलें त्यांनाच तो निष्कर्ष हवा होता, हें विसरून त्याचा एकट्याचा न्याय करूं नये. विद्या मिळते ती कोणाच्या हातून व कोणत्या अटीवर, याचा विचार शिकणाऱ्यानेंही करावा, एवढा बोध त्याच्या चरित्रांतून घेण्याजोगा आहे.

महिना दोन औंस सोनें

आतां आम्ही आमच्या मुख्य प्रश्नाकडे वळतों. किल्ला डचांचा झाला. जमीन कोणाची होती? डचांच्या स्वतःच्या हिशेबाच्या वह्या याचें उत्तर देतात. किल्ल्याबद्दल ते दरमहा दोन औंस सोनें आंतल्या मुलखांतील राजाला देत असत. तसा लेखी रोखा करून दिलेला होता, आणि रोखा ज्याच्या हातीं त्यास पैसा मिळे. आरंभीं तो डेंकिरा राज्याकडे होता. इ. स. १७०१ मध्यें असांती लोकांनीं आपल्या ओसेई टुटू या राजाच्या नेतृत्वाखालीं डेंकिराचा पराभव केला तेव्हां लुटींबरोबर हा रोखाही कुमासी या असांती राजधानींत गेला. तेव्हांपासून सुमारें पाऊणदोनशें वर्षें डच तो पैसा असांतींच्या राजास पोंचवीत आले. असांती त्यास जमिनीचें देणें समजत. डच त्यास मैत्रीखातर दिलेली नेमणूक म्हणत. जोंवर सोनें वेळेवर पोहोंचत होतें तोंवर या दोन अर्थांचा तंटा झाला नाहीं.

इ. स. १८०७ मध्यें इंग्रजांनीं व १८१४ मध्यें डचांनीं गुलामांचा व्यापार बंद केला. मग या किनाऱ्यांत डचांस फारसा नफा उरला नाहीं. इ. स. १८३१ पासून त्यांनीं एल्मिनाच्या वाटेनें सुमारें तीन हजार आफ्रिकन शिपाई भरती करून जावा बेटाकडे आपल्या फौजेंत धाडले. त्यांतील परत आलेले लोक जेथें राहिले त्या टेकडीस अद्याप जावा-टेकडी म्हणतात. पण एवढ्यानें खर्च भागेना. तेव्हां इंग्रज व डच यांनीं इ. स. १८६७ मध्यें करार करून किल्ल्यांची अदलाबदल केली : एल्मिनाच्या पूर्वेकडील सर्व इंग्रजांकडे, पश्चिमेकडील सर्व डचांकडे. जकात वसूल करण्यास ही विभागणी सोईची होती. परंतु कोमेंडा गांवच्या लोकांनीं डचांचें निशाण घेण्याचें साफ नाकारलें, आणि इ. स. १८६८ च्या आरंभीं डच युद्धनौकेनें तें गांव तोफांनीं जाळलें. हें पाहून किनाऱ्यावरील फांती राज्यांनीं मांकेसिम येथें एकत्र येऊन आपला संघ स्थापिला. इ. स. १८७१ मध्यें त्यांनीं आपली घटना लिहून काढली. तींत शाळा व चांगले रस्ते यांचीं कलमें होतीं. इंग्रज अधिकाऱ्यांनीं या संघाच्या पुढाऱ्यांस पकडलें. पुढें त्यांस सोडून दिलें खरें, पण संघ मोडला तो मोडलाच.

तीन करार

शेवटीं डचांनीं किनारा सोडावयाचें ठरविलें. इ. स. १८७० व १८७१ मध्यें इंग्रज व डच यांच्यांत तीन करार झाले व ते एकमेकांत गुंतलेले होते. पहिल्या करारानें एल्मिनासह सर्व डच किल्ले इंग्रजांस मिळाले. दुसऱ्या करारानें सुमात्रा बेटांत डचांनीं हवें तसें पुढें सरकावें, इंग्रज हरकत घेणार नाहींत, असें ठरलें. आणि तिसऱ्या करारानें सुरिनाममधील मळ्यांसाठीं हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्याची डचांस मोकळीक मिळाली. कारण तेथील गुलामगिरी इ. स. १८६३ मध्यें कायद्यानें बंद झाली होती.

या सह्यांचें फळ इ. स. १८७३ या एकाच वर्षांत तीन खंडांत दिसून आलें. सुमात्रांतील आचे राज्यावर डचांनीं स्वारी केली व तें युद्ध कित्येक वर्षें चाललें. कलकत्त्याहून निघालेलें लालारूख नांवाचें जहाज सुमारें चारशें हिंदी मजुरांस घेऊन ता. ५ जून रोजीं सुरिनाममधील पारामारिबो बंदरास लागलें. त्यानंतर इ. स. १९१६ पर्यंत सुमारें चौतीस हजार हिंदी माणसें तिकडे गेलीं, व त्यांचे वंशज आजही तेथें आहेत. आणि तिसरें फळ एल्मिनाच्या वांट्यास आलें.

किल्ला इंग्रजांस देण्यापूर्वीं असांतींचा राजा कोफी कारीकारी यानें इंग्रज अधिकाऱ्यास इ. स. १८७० मध्येंच पत्र लिहून कळविलें होतें कीं, एल्मिना माझ्या पूर्वजांपासून मला देणें देत आलेलें आहे. तो किल्ला या करारांत घालूं नये. इंग्रजांनीं डचांस खुलासा विचारला. डचांचा दूत कुमासीस जाऊन एक कागद घेऊन आला. दोन औंस सोनें हें खंडणी नसून स्नेहाची भेट आहे, असें राजानें त्यांत मान्य केल्याचें लिहिलें होतें. त्या कागदाच्या खरेपणाविषयीं इतिहासकारांत वाद आहे. कांहीं असो, कागद मिळाला आणि काम झालें. ता. ६ एप्रिल १८७२ रोजीं एल्मिनावरील डच निशाण उतरलें व इंग्रजी निशाण चढलें. किल्ल्यांतील सामानसुमानाबद्दल इंग्रजांनीं सुमारें ३,७९० पौंड दिले. गांवाबद्दल कांहीं द्यावयाचें असतें हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं.

एल्मिनाचा राजा कोबिना ग्यान यानें मात्र इंग्रजांशीं इमानाची शपथ घेण्याचें नाकारलें. त्याचें म्हणणें सरळ होतें : डच आमचे मित्र होते, मालक नव्हते, त्यांनीं आम्हांस दुसऱ्यास देऊन टाकावें कसें? मार्च १८७३ मध्यें त्यास कैद करून सिएरा लिओनला हद्दपार केलें. असांतींचें सैन्य आधींच किनाऱ्याकडे निघालें होतें, आणि एल्मिनाचे लोक त्यांचे जुने स्नेही. ता. १३ जून १८७३ रोजीं इंग्रजांनीं जुन्या गांवावर तोफा डागल्या. चारशें वर्षें ज्या किल्ल्याच्या सांवलींत तें गांव वाढलें त्याच किल्ल्यासमोर तें जळून गेलें व पुनः त्या जागीं वसूं दिलें नाहीं. आज तेथें मोकळें मैदान आहे. कोबिना ग्यान परत आला तो एकवीस वर्षांनीं, इ. स. १८९४ मध्यें, तेव्हां त्याचें गांव त्या जागेवर नव्हतें.

असांतींशीं युद्ध होऊन फेब्रुवारी १८७४ मध्यें इंग्रज सेनापति वुल्स्ली यानें कुमासी जाळली. फोमेना येथील तहांत असांतींनीं एल्मिनावरील आपला सर्व हक्क सोडावा व युद्धखर्चाबद्दल ५०,००० औंस सोनें द्यावें, असें लिहून घेतलें. गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें एक भागाकार करून पाहावा. महिना दोन औंसांप्रमाणें वर्षाचे चोवीस औंस. त्या हिशेबानें पन्नास हजार औंस म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांचें भाडें! ज्यानें भाडें मागितलें त्याच्यावर दोन हजार वर्षांच्या भाड्याचा दंड बसला. एवढें सोनें असांतींनीं कधींच पुरतें भरलें नाहीं. परंतु रोखा संपला तो कायमचा.

उपसंहार

यानंतर हा प्रदेश इंग्रजांची वसाहत झाला. इ. स. १८९६ मध्यें असांतींचा राजा प्रेंपे यास पकडून आणलें तेव्हां दूरच्या बेटांवर हद्दपार करण्याआधीं त्यास याच एल्मिनाच्या किल्ल्यांत ठेवलें होतें. ज्या किल्ल्याचें भाडें त्याचे पूर्वज घेत, त्याच किल्ल्यांत तो कैदी ! अखेर ता. ६ मार्च १९५७ रोजीं घाना स्वतंत्र झाला, आणि एल्मिनाचा किल्ला, आझाम्बुजाच्या आगमनानंतर प्रथमच, त्या भूमीच्या लोकांचा झाला. इ. स. १९७९ मध्यें तो जागतिक वारशाच्या यादींत घातला गेला. आज देशोदेशींचे लोक तेथें येतात. त्यांत अमेरिकेंत नेलेल्या गुलामांचे वंशजही असतात, आणि ते त्या अरुंद दारापाशीं बराच वेळ उभे राहतात.

ही कथा दूरची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. इ. स. १६६१ च्या विवाहाच्या तहांत पोर्तुगालनें इंग्लंडच्या राजास आंदण म्हणून दोन ठाणीं दिलीं : एक आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर व दुसरें आपली मुंबई. सात वर्षांनीं त्या राजानें मुंबई सालीना दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. या दोन्ही व्यवहारांत माहीम-वरळीच्या कोळ्यांस, भंडाऱ्यांस कोणीं विचारल्याचें दिसत नाहीं. एल्मिना आणि मुंबई यांचे दैव निराळें झालें खरें. पण त्यांची जात एकच, कागदावर हात बदललेल्या गांवांची.

आमच्या पवित्र शास्त्राच्या तासाला नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट सर्वांनीं ऐकिली आहे. अहाब राजास शेजारचा मळा हवा होता. नाबोथानें वडिलार्जित वतन देण्याचें नाकारलें, तेव्हां ईजबेलीनें राजाच्या मुद्रेचीं पत्रें लिहिलीं, आणि त्या पत्रांनीं जें तरवारीनें करावयाचें तें निमूटपणें घडवून आणलें. मुद्रा खरी होती, पत्रें खरीं होतीं. खोटा होता तो न्याय. म्हणून इतिहासांतील तह वाचतांना आपण एक संवय लावून घ्यावी. कोणी कोणास काय दिलें, हें पाहिल्यावर एवढ्यावरच थांबूं नये. तें देण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला होता, आणि त्या कागदाखालीं कोणाची सही नाहीं, हेंही पाहावें. एल्मिनाच्या बाबतींत ती न केलेली सही शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. किल्ल्यासमोरील मोकळ्या मैदानावर ज्यांचीं घरें होतीं त्यांची ती होती.